सीटवर सांडलेलं कोल्ड्रिंक: धुतल्यावरही चिकटपणा आणि वास परत येतो तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. उन्हाळ्यात गाडीच्या सीटवर उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक सांडलं. लगेच फडक्याने पुसलं, नंतर सर्व्हिसिंगच्या वेळी सीटला शाम्पूही मारून घेतला. आठ दिवस सगळं ठीक. मग त्याच जागी तपकिरी कड असलेलं वळं उमटतं, हाताला चिकट लागतं, आणि पहिला पाऊस झाला की बंद गाडीचं दार उघडताच आंबूस वास येतो. पुन्हा धुवा, पुन्हा तेच.

खरं तर साखर ही धुवायला सर्वांत सोपी गोष्ट आहे. खोलीच्या तापमानाला 100 मिलि पाण्यात सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, आणि त्यासाठी कसलंही खास रसायन लागत नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीला. विरघळलेली साखर सीटच्या बाहेर काढलीच जात नाही. फडक्याने दाबलं की पेय कापडातून खालच्या फोममध्ये उतरतं. वरून पाणी मारलं की आणखी खाली जातं. सुकताना मात्र पाणी वरच्या कापडातूनच उडतं, त्यामुळे फोममधलं साखरपाणी वर खेचलं जातं आणि ओल्या भागाच्या कडेला साखर, रंग आणि मळ साचतो. वळं पडतं ते असं. म्हणून डाग 'परत आला' असं वाटतं. तो गेलेलाच नसतो.

पावसाळ्यात वास का उठतो, त्याचंही कारण साखरेतच आहे. नुसती साखर हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत कोरडी राहते. पण कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, कोकम ही आंबट पेयं. आम्लामुळे साखर हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटते, आणि फ्रुक्टोज साधारण साठ-बासष्ट टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढून ओलसर होतं. मुंबईत आणि कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा याहून दमट असते. एप्रिलमध्ये कोरडी वाटलेली सीट जुलैत आतून ओली होते, यीस्ट आणि जिवाणूंना गोड ओल मिळते, आणि आंबायला सुरुवात होते. वास घालवण्याचे सगळे उपाय म्हणूनच साखर बाहेर काढण्यापाशी येऊन थांबतात.

आधी वास कसला आहे ते ठरवा

सीट उघडण्याआधी दहा मिनिटं यावर घालवा, कारण सांडलेल्या पेयावर नाहक आळ येणं फार सर्रास आहे.

आंबूस, ताडीसारखा किंवा व्हिनेगरसारखा वास असेल तर साखर आंबतेय. मुंग्या याचा सर्वांत भरवशाचा पुरावा. त्यांची रांग ज्या शिवणीत शिरते, तिथे खाली माल आहे. कुजकट, खवट तुपासारखा वास असेल तर दूध किंवा मलई गेली आहे: चहा, मिल्कशेक, मस्तानी, सोलकढीतला नारळ. नुसता कुबट, ओल्या पोत्यासारखा वास असेल आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं पायाखालचं कार्पेट ओलं असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. ते पाणी साधं असतं, चिकट नसतं. सनरूफ असलेल्या गाडीत त्याच्या पन्हाळीची नळीही बघा.

आणि एक वेगळाच गोड वास असतो, तो ओळखायला शिका. गोडसर वास, आतून काचेवर पुसूनही न जाणारी तेलकट वाफ आणि कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी सारखी उतरणं, हे तिन्ही एकत्र असेल तर हीटरच्या आतल्या रेडिएटरमधून कूलंट गळतंय. ते विषारी असतं, आणि तिथे सीट धुण्यात वेळ घालवू नये. गाडी मेकॅनिककडे न्यावी.

रेक्झिनचं कव्हर हाच अर्धा घोटाळा

आपल्याकडे नव्या गाडीच्या कापडी सीटवर पहिल्याच महिन्यात रेक्झिनचं कव्हर चढतं. ते पाणी अडवतं असा समज असतो. वरचा थर अडवतो हे खरं, पण शिवणीची छिद्रं, मधली घडी आणि छिद्रं पाडलेलं नक्षीकाम यांतून पेय आत जातं. तिथे कव्हरचा स्वतःचा पातळ फोम असतो, त्याखाली कंपनीचं मूळ कापड, त्याखाली सीटचा मुख्य फोम. आत गेलेलं पेय वरून दिसत नाही आणि वर हवा बंद असल्याने सुकतही नाही. कव्हर चकाचक पुसलेलं आणि गाडीत वास, या जोडीचं उत्तर जवळजवळ नेहमी दोन थरांच्या मध्ये सापडतं.

त्यामुळे कव्हर काढावंच लागतं. इलॅस्टिक आणि हुकांचं कव्हर घरी निघतं. काढण्यापूर्वी सीटखालच्या हुकांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बकेट फिटिंगचं घट्ट बसवलेलं असेल तर ज्या दुकानातून बसवलं त्यांच्याकडूनच काढून घ्या, ओढून शिवण उसवू नका. कव्हर उलटं करून आतल्या फोमला हात लावा. चिकट असेल तर कव्हर वेगळं, सीट वेगळी धुवायची.

सीटखाली हात घालताना पिवळ्या कनेक्टरच्या तारांना हात लावू नका. त्या एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेच्या असतात. इग्निशन चालू असताना तो जोड निघाला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही. पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली दिसली तर त्या बाजूला पाणी भरायचं नाही, ओलसर फडकंच फिरवायचं. ड्रायव्हरशेजारच्या सीटचं आणखी एक नाजूक काम: भारतात 1 जुलै 2019 पासून या सीटसाठीही बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी माणूस बसल्याचं ओळखणारी पट्टी गादीत, कापडाखाली असते. तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं की रिकाम्या सीटसाठीही बेल्टचा भोंगा वाजत राहतो. पंखा असलेल्या व्हेंटिलेटेड सीटवर काही सांडलं तर आधी पंखा बंद करा, नाहीतर तो रस आतल्या नळ्यांत खेचू शकतो. अशी सीट ओली करून धुण्याच्या फंदात घरी पडू नये.

थोडं पाणी, पुष्कळ वेळा

250 मिलि कोल्ड्रिंकमध्ये साधारण 27 ग्रॅम साखर असते. बाटलीवर 100 मिलिला 10-11 ग्रॅम असा आकडा छापलेला दिसेल. उसाच्या रसात त्याहून जास्त, शिवाय चोथ्याचे बारीक कण. आता समजा, व्हॅक्यूमने कितीही ओढून घेतलं तरी त्या भागातला फोम 50 मिलि पाणी धरून ठेवतो. 200 मिलि पाणी मारून 200 ओढलं तर पाचवा हिस्सा साखर मागे राहते. असं तीनदा केलं तर सव्वाशेवा हिस्सा, म्हणजे 27 ग्रॅममधली पाव ग्रॅमही नाही. तेच 600 मिलि पाणी एकदम ओतून 600 ओढलं तर तेरावा हिस्सा, म्हणजे 2 ग्रॅम मागे राहते. आणि एकदम ओतलेलं पाणी फोम फोडून खाली कार्पेटमध्ये उतरतं ते वेगळंच. फोममध्ये पाणी इतकं सारखं मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात तीनऐवजी पाच-सहा फेऱ्या धरा.

सामान: ओलं ओढणारा वेट-ड्राय व्हॅक्यूम (साधा घरचा चालणार नाही, त्याची मोटर जळेल आणि शॉकचाही धोका), त्याला चपटं, अरुंद तोंड, एक स्प्रे बाटली, मऊ केसांचा ब्रश, जुने सुती पंचे किंवा पांढरे टॉवेल. रंगीत फडकं नको, रंग उतरतो आणि डाग निघतोय की फडक्याचा रंग लागतोय ते कळत नाही. व्हॅक्यूम विकत घ्यायची गरज नाही. अनेक वॉशिंग सेंटरवाल्यांकडे असतो, फक्त 'शाम्पू मारू नका, साध्या पाण्याने खेचून द्या' हे तोंडाने सांगावं लागतं.

पहिली फेरी कोरड्या व्हॅक्यूमची. चोथा, धूळ, बिस्किटाचा चुरा आधी काढा, नाहीतर पाण्याने त्याचा चिखल होईल. मग 1 लिटर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा भांड्यांचं लिक्विड. याहून जास्त नको. जास्त साबण फोममध्ये राहतो, सुकल्यावर तोच चिकटतो आणि धूळ धरतो. 'शाम्पूनंतर सीट लवकर मळते' याचं कारण बहुधा हेच. पाणी हाताला सहज सोसवेल इतकंच कोमट, साधारण 40 अंश. हे पाणी फक्त डागावर न मारता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा हलका ओला करा. अर्धा तुकडा ओला केला तर ओल जिथे संपते तिथे नवं वळं पडतं. डागावर थोडं जास्त मारा, ब्रश गोल न फिरवता हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, पाचेक मिनिटं थांबा.

मग व्हॅक्यूम. तोंड कापडावर घट्ट दाबून, एका हाताने फोम खाली दाबत, अगदी सावकाश ओढा. एका पट्ट्यावरून तीन-चार वेळा. घाईने फिरवलं तर वरचं पाणी येतं, फोममधलं नाही. साबणाची ही एकच फेरी. पुढच्या सगळ्या साध्या पाण्याच्या: मारा, दोन मिनिटं थांबा, ओढा. शेवटी नुसतंच दोन-तीनदा ओढा.

साखर संपली की नाही हे रंगावरून ठरवू नका. व्हॅक्यूमची टाकी रिकामी करून विसळा, पुढच्या फेरीचं पाणी घ्या आणि त्यातलं चमचाभर स्टीलच्या ताटलीत ठेवून मंद आचेवर आटवा. ताटली गार झाल्यावर बोट लावा. चिकटलं, तर अजून फेऱ्या हव्यात. सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्यांत साबणाचाही थर राहतो, म्हणून ही परीक्षा चौथ्या फेरीनंतरच करा. कंटाळवाणी आहे, पण अंदाजाने थांबल्यामुळेच निम्मी कामं फसतात.

व्हॅक्यूम मिळतच नसेल आणि सांडून तासभरच झाला असेल तर पंच्याची चार पदरी घडी करा, सीटवर ठेवा आणि गुडघ्याने पूर्ण वजन देऊन अर्धा मिनिट दाबा. घासायचं नाही. पंचा बदला, थोडं पाणी मारा, पुन्हा दाबा. पाच-सहा पंचे ओले होतील. ताज्या डागासाठी हे पुरतं. महिन्याभराच्या डागासाठी नाही.

दूध, कोकम आणि लाल सरबतं

दुधाचं पेय असेल तर क्रम बदलतो. गरम पाणी किंवा वाफ लागली की दुधातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात, म्हणून सुरुवात गार पाण्याने. साखर निघून गेली तरी प्रथिनं आणि स्निग्धांश राहतो, आणि वास त्याचाच येतो. इथे एन्झाइम असलेला क्लीनर खरंच उपयोगी. पाळीव प्राण्यांच्या दुकानात लघवीच्या वासासाठी मिळणाऱ्यांपैकी बरेच एन्झाइमचे असतात. लेबलवर प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं) आणि लायपेज (स्निग्धांश तोडणारं) दोन्ही आहेत का ते बघा. तो फोममध्ये दूध जितकं खोल गेलं तितका खोल जायला हवा, आणि काम करायला ओल आणि वेळ लागतो. मारून वर प्लॅस्टिकचा कागद घाला, लेबलवर दिलेला वेळ ठेवा, मग साध्या पाण्याने खेचा. एन्झाइम आणि ब्लीच किंवा पेरॉक्साइड एका वेळी वापरलं तर एन्झाइम मरतं. नुसत्या साखरेच्या कोल्ड्रिंकवर हा खर्च करायची गरज नाही.

कोकम सरबताची गंमत वेगळी. त्याचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि क्षारात निळसर-काळपट होतो. म्हणजे त्यावर खायचा सोडा किंवा कपड्यांची पावडर टाकली की लाल डागाचा करडा-निळा डाग होतो आणि माणूस घाबरून आणखी सोडा टाकतो. कोकमावर आधी 1 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून मारा आणि खेचा, साबण त्यानंतर. निळसर झालेला डागही या पाण्याने पुन्हा लालीवर येतो आणि मग निघायला सोपा जातो.

गुलाबी-लाल बाटलीबंद सरबतांचे रंग पाण्यात विरघळणारे असतात. सीटचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं असतं आणि असे रंग त्याला गार पाण्यात फारसे धरत नाहीत, मात्र उष्णतेने अडचण वाढू शकते, म्हणून स्टीमर दूर ठेवा. साखर पूर्ण निघाल्यावरही रंगाची छटा उरली तर फिकट कापडावर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात सहसा 6 टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घाला. आधी सीटच्या मागे न दिसणाऱ्या जागी थेंब टाकून तासभर बघा. गडद कापड, चामडं आणि रेक्झिन यांवर नको.

सुकवणं, विशेषतः पावसाळ्यात

वरचं कापड दोन तासांत कोरडं लागतं, आतला फोम एक ते दोन दिवस घेतो. या दोन दिवसांत कव्हर चढवलं की साखर नसतानाही बुरशीचा कुबट वास धरतो. व्हॅक्यूमनंतर लगेच त्या जागी कोरडा पांढरा टॉवेल पसरा, वर पाण्याने भरलेली दोन-तीन लिटरची बंद कॅन ठेवा आणि रात्रभर राहू द्या. वर चढणारं पाणी आणि त्यातला उरलासुरला मळ कापडावर न साचता टॉवेलमध्ये येतो. सकाळी टॉवेलवर तपकिरी कड दिसली तर आणखी एक-दोन फेऱ्या बाकी आहेत असं समजा.

उन्हाळ्यात दारं उघडी ठेवून सावलीत टेबलफॅन लावला की भागतं. आतला दिवा बंद करायला विसरू नका. दारं रात्रभर उघडी राहून सकाळी बॅटरी उतरलेली सापडणं नेहमीचं आहे. पावसाळ्यात नुसता पंखा दमट हवाच फिरवतो. तेव्हा इंजिन चालू करून एसी चालू, तापमान गरमकडे, हवा बाहेरची, असं अर्धा तास ठेवा. एसी हवेतलं पाणी काढतो आणि हीटर ती कोरडी हवा तापवतो. हे उघड्यावरच करायचं, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही. आतून सुकलं की नाही हे बघायला सीटवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन-तीन तासांनी आतून बाष्प दिसलं तर अजून ओल आहे.

लोक करतात, पण उपयोग होत नाही

खायचा सोडा शिंपडून रात्रभर ठेवणं: वरचा आंबट वास थोडा कमी होतो, खालची साखर तशीच राहते, आणि पांढरी पूड शिवणीत अडकून महिनाभर झटकावी लागते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र: फेस येतो, दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. कॉफीची पूड आणि कोळशाच्या पिशव्या हवेतला वास थोडा ओढतात. पावसात तो परत येतो. परफ्यूमबद्दल तर बोलायलाच नको, आंबूस वासावर जास्मिन चढलं की लांबच्या प्रवासात मागच्या सीटवरच्याला मळमळलंच म्हणून समजा. ओझोन मशीन फोमच्या आत पोचत नाही आणि रबराच्या पट्ट्या कडक करतो. क्लोरीन ब्लीचने फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो. व्हिनेगरशी ते मिसळलं तर विषारी वायू सुटतो. सीटचं काम संपल्यावर ग्लव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर बदला, पण शेवटी. आधी बदलला तर नवा फिल्टरही तोच वास धरतो.

सीटव्यतिरिक्त कुठे गेलं असेल

सीट स्वच्छ झाली तरी वास असेल तर मागची सीट उचलून बघा. अनेक छोट्या गाड्यांत गादीची पुढची कड दोन क्लिपांवर किंवा बोल्टवर बसलेली असते. खालच्या पत्र्यावर साखरेचा थर आणि गंज एकत्र सापडतो. ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीला गार हवा देणारी जाळी असते, तिथे पाणी मारू नका. पायाखालच्या कार्पेटखाली जाड नमदा असतो, तो कितीही पाणी पितो आणि वरून कोरडा वाटतो. कड उचलून हात घाला. ओला असेल तर कार्पेट उचलून खाली लाकडी ठोकळे घालूनच सुकवावा लागतो.

सीटबेल्ट चिकट झाला की आत गुंडाळला जात नाही. पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावा, कोमट पाणी आणि किंचित लिक्विडने दोन्ही बाजूंनी पुसा, साध्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकल्यावरच सोडा. ब्लीच किंवा पेट्रोल लावू नका, धाग्यांची ताकद जाते. बकलमध्ये रस गेला आणि बटण अडकायला लागलं तर तेल किंवा ग्रीस घालू नका. आत धूळ साचून लॉक अर्धवट बसतं. आतमध्ये बेल्ट लावल्याचं कळवणारा स्विच असतो, त्यामुळे अडकणारं बकल बदलूनच घ्या.

पाच-सहा फेऱ्या दोनदा करूनही ताटली चिकटत असेल, तर पेय फोमच्या तळापर्यंत गेलं आहे. मग कापड उतरवून फोम बाहेर काढावा लागतो. हे कुशनवाल्याचं काम, कारण कापड लोखंडी कड्यांनी तारेला अडकवलेलं असतं. सुटा फोम टबात साध्या पाण्यात दाबून धुता येतो, पिळायचा नाही, फाटतो. जाळीवर आडवा ठेवून सावलीत सुकवा, उन्हाने पिवळा पडून चुरा सुटतो. माणूस ओळखणारी पट्टी ज्यावर चिकटवलेली आहे तो फोम मात्र टबात घालू नये. तो कंपनीच्या वर्कशॉपमधूनच बदलून घ्यावा, आणि सीट परत बसल्यावर एअरबॅगचा दिवा विझतोय ना हे गाडी ताब्यात घेण्याआधी पाहावं.